वर्गणी तिची, खुर्ची कोणाची?

म्हैसूरला जाणारा मराठी प्रवासी राजवाडा पाहतो, चामुंडीला जातो आणि संध्याकाळी कृष्णराजसागराच्या वृंदावन बागेकडे निघतो. वाटेत गाडी थांबते अशोक रोडवर, सेंट फिलोमिना चर्चसमोर. १७५ फूट उंचीचे दोन मनोरे. २८ ऑक्टोबर १९३३ रोजी महाराजा कृष्णराज वडियार (चौथे) यांनी त्याचा पाया घातला. मुख्य वेदीखालच्या तळघरात एका पहुडलेल्या मुलीची मूर्ती आहे. तीच फिलोमिना.

या मुलीबद्दल इतिहासाला जवळजवळ काही माहीत नाही. १८०२ साली रोममधल्या प्रिसिलाच्या भुयारी दफनभूमीत एका कोवळ्या वयाच्या मुलीच्या अस्थी आणि नाव लिहिलेली कौले सापडली. बाकीची कथा भक्तांनी रचली. १९६१ मध्ये व्हॅटिकनने तिचे नाव उपासनेच्या दिनदर्शिकेतून वगळले. म्हैसूरच्या चर्चचे नाव मात्र बदलले नाही आणि तिच्यासमोर मेणबत्त्या लावणाऱ्यांची रीघही थांबली नाही.

फिलोमिनाची भक्ती जगभर पसरली ती फ्रान्समधल्या लियों शहरातल्या एका बाईमुळे. मला तिच्याबद्दलच आधी सांगायचे आहे, कारण चर्चमधल्या स्त्रियांच्या समानतेचा सगळा प्रश्न तिच्या आयुष्यात एकवटला आहे. पोलीन जारिको ही रेशीम व्यापाऱ्याची मुलगी, जन्म १७९९. परदेशी मिशनांना पैसा कमी पडतो हे भावाकडून कळल्यावर विशीतल्या पोलीनने रेशमाच्या कारखान्यांतल्या कामगार बायकांना गाठले. दर आठवड्याला प्रत्येकीने एक सू द्यायचा. सू म्हणजे त्या काळचे अगदी किरकोळ नाणे. दहा जणींचा एक गट आणि गोळा करणारी एक. अशा दहा गटांवर एक शतप्रमुख, तिच्यावर सहस्रप्रमुख. आपल्याकडच्या बचत गटाच्या बाईला ही रचना समजावून सांगावी लागणार नाही. सुरुवातीचा हा पैसा पॅरिसच्या परदेशी मिशन संस्थेकडे गेला, आणि म्हैसूर प्रांतात पुढे काम केले ते याच संस्थेच्या धर्मगुरूंनी. ३ मे १८२२ रोजी लियोंमध्ये या कामाची रीतसर संस्था झाली. तेव्हा योजना पोलीनची उचलली गेली आणि कारभार पुरुषांच्या मंडळाकडे गेला. १८३५ मध्ये जीवघेण्या आजारातून ती बरी झाली आणि त्याचे श्रेय तिने फिलोमिनाला दिले. तिथून ही भक्ती वाढली. एका औद्योगिक प्रयोगात फसवणूक होऊन पोलीन कर्जबाजारी झाली आणि १८६२ मध्ये गरिबीत वारली. चर्चने तिला 'धन्य' घोषित केले ते २२ मे २०२२ रोजी.

वर्गणी गोळा करायची बाईने आणि ताळेबंदावर सही पुरुषाची, ही गोष्ट लियोंची किंवा १८२२ सालची उरत नाही. वसईच्या कुठल्याही धर्मग्रामात, मंगळूर-म्हैसूरकडे, गोव्यात रविवारच्या मिस्साला जाऊन पाहावे. गायनवृंदात बायका जास्त, धर्मशिक्षणाचे वर्ग घेणाऱ्या त्याच, वेदीवरची फुले आणि कपडे त्यांच्याकडे. आजाऱ्याच्या घरी पहिली पोचते तीही बाईच. देशात धर्मभगिनींची संख्या लाखाच्या आसपास आहे. त्यांच्यावाचून कॅथलिक शाळा आणि दवाखाने एक आठवडाही चालणार नाहीत. तरीही निर्णय जिथे होतो त्या खोलीत त्या फार कमी असतात. हे कसे, आणि ते बदलायला कोण काय करते आहे?

आधी नियम समजून घेऊ. कॅथलिक धर्मसंहितेचा १०२४ क्रमांकाचा नियम एका ओळीचा आहे: गुरुदीक्षा फक्त स्नानसंस्कार झालेल्या पुरुषालाच वैधपणे मिळते. बाईला दीक्षा दिली तर तो नुसता अपराध ठरत नाही, दीक्षा झालीच नाही असे मानले जाते. १९७६ मध्ये व्हॅटिकनने याची कारणे सविस्तर मांडली. येशूने बारा प्रेषित निवडले ते सारे पुरुष. चर्चची परंपरा अखंड तीच. आणि मिस्सामध्ये धर्मगुरू ख्रिस्ताच्या जागी उभा राहतो, तेव्हा त्याचे ख्रिस्ताशी नैसर्गिक साम्य असावे. २२ मे १९९४ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी एका छोट्या पत्रातून सांगितले की, स्त्रियांना दीक्षा देण्याचा अधिकार चर्चकडे नाहीच आणि हा निर्णय अंतिम समजावा.

यावर कॅथलिक स्त्री-अभ्यासकांचे प्रतिप्रश्न आहेत, आणि ते श्रद्धेच्या आतूनच आलेले आहेत. बारा प्रेषित पुरुष होते तसे ते ज्यूही होते. मग ज्यू असण्याची अट का गळली? पुनरुत्थानाची बातमी पहिल्यांदा सांगण्याचे काम मारिया माग्दालेनाकडे आले, त्याचा अर्थ काय लावायचा? पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला, तो उगाच नव्हे. संत पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात फिबी नावाच्या बाईचा उल्लेख किंख्रियाच्या मंडळीची 'डायकोनॉस' असा केला आहे. पुरुषाच्या बाबतीत याच शब्दाचे भाषांतर 'डिकन', म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरचा दीक्षित सेवक, असे होते आणि फिबीच्या बाबतीत ते बऱ्याचदा 'सेविका' झाले. मला हा शेवटचा मुद्दा सर्वांत जड वाटतो, कारण त्यात धर्मशास्त्राइतकाच भाषांतरकाराचा हात आहे.

भाषेवरून आठवले म्हणून थोडे बाजूला जातो. पवित्र आत्म्यासाठी मूळ हिब्रू शब्द आहे 'रूआह', आणि तो बहुतेक ठिकाणी स्त्रीलिंगी चालतो. ग्रीकमध्ये तो 'न्यूमा' झाला, नपुंसकलिंगी. लॅटिनमध्ये 'स्पिरितुस', पुल्लिंगी. मराठीत 'आत्मा' आला आणि आपणही 'तो' म्हणू लागलो. सुरुवातीच्या सिरियाक ख्रिस्ती लेखनात आत्म्याला स्त्रीलिंगी क्रियापदे लागत होती आणि त्यात कुणाला पाखंड दिसत नव्हते. म्हैसूरच्या कन्नडमध्ये आदरार्थी 'अवरु' हे सर्वनाम बाईला आणि बुवाला एकच आहे. मराठीला ती सोय नाही. आपल्याकडे वाक्य संपेपर्यंत आला किंवा आली हे ठरवावेच लागते. म्हणून मराठी मिस्सामध्ये 'बंधूंनो' म्हटले जाते की 'बंधुभगिनींनो', याकडे बायकांचे कान लागतात ते बारीकसारीक खुसपट काढायला नव्हे. बोलावणे आपल्याला आहे की नाही, हे त्या एका शब्दावर कळते.

मराठीत या प्रश्नाची पूर्वज पंडिता रमाबाई. जन्म गंगामूळचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातलाच. त्या कॅथलिक नव्हत्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये अँग्लिकन पंथात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे अशी गोष्ट निघाली, तेव्हा बिशपांनी हरकत घेतली: हिंदुस्थानात ते शोभणार नाही. जी बाई देशात भर सभांमध्ये पंडितांपुढे बोलून आली होती, तिला हे सांगितले गेले. ब्राह्मणी धर्मसत्तेतून बाहेर पडले ते दुसऱ्या धर्मसत्तेखाली मान घालायला नव्हे, असे त्यांनी पत्रांतून स्पष्ट कळवले. नंतर केडगावला बसून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि बायकांच्या हातांनी जुळवलेल्या खिळ्यांतून मराठी बायबल छापायला घेतले. ते पूर्ण निघाले १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी.

कॅथलिक स्त्रियांनी महाराष्ट्रात एकत्र येऊन हा विषय हाती घेतला तो १९८०च्या दशकात, मुंबईत. त्यांनी आपल्या गटाला नाव दिले 'सत्यशोधक'. नाव अर्थात महात्मा फुल्यांकडून आले. फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने स्थापनेनंतर तीनच महिन्यांत, २५ डिसेंबर १८७३ रोजी, भटजीवाचून पहिले लग्न लावले. मुंबईच्या या बायकांची वाट त्याहून वेगळी आणि माझ्या मते जास्त अवघड होती. त्यांना पुरोहित काढून टाकायचा नव्हता. मिस्सा त्यांना हवी होती, संस्कार हवे होते, चर्च आपले आहे याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. त्या विचारत होत्या की, स्नानसंस्काराचे पाणी मुलाच्या आणि मुलीच्या डोक्यावर सारखेच पडते, मग पुढे दोघांच्या वाटा कोण वेगळ्या करते.

या गटाच्या संस्थापकांपैकी एक डॉ. अॅस्ट्रिड लोबो गाजीवाला. पेशाने त्या वैज्ञानिक. टाटा मेमोरियल रुग्णालयातली टिश्यू बँक त्यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस उभी केली. दात्यांकडून मिळालेल्या ऊती आणि बाळंतपणानंतर एरवी फेकून दिले जाणारे गर्भाचे आवरण निर्जंतुक करून तिथून रुग्णांसाठी दिले जाते. भाजलेल्या जखमेवर हे आवरण कातडीसारखे काम करते. ज्या बाईने हे पाहिले, हाताळले, तिने मिस्साविधीकडेही बाईच्या शरीराच्या अनुभवातून पाहिले. आपले शरीर आणि रक्त दुसऱ्याच्या जगण्यासाठी देणे हे वेदीवर आठवले जाते, आणि प्रत्येक बाळंतपणात ते घडते. तरी विटाळाच्या जुन्या कल्पनेने त्याच शरीराला वेदीपासून लांब ठेवले. त्यांच्या लेखनातला हा विचार वाचताना विटाळ शब्द माहीत असलेल्या कुठल्याही धर्माच्या मराठी बाईला तो परका वाटणार नाही.

मुंबईच्याच व्हर्जिनिया सालढाणा यांनी आशियाई बिशप परिषदांच्या महासंघात दीक्षा न घेतलेले सामान्य श्रद्धावंत आणि स्त्रिया यांच्यासंबंधीच्या विभागाचे काम पाहिले, आणि आशियातल्या कॅथलिक स्त्री-धर्मशास्त्रज्ञांचे व्यासपीठ २००२ मध्ये उभे राहिले त्यातही त्यांचा वाटा होता. भारतीय बिशप परिषदेत स्त्रियांसाठी स्वतंत्र कक्ष १९९२ मध्ये सुरू झाला. यातून पंधरा-सोळा वर्षे जे साचत गेले ते फेब्रुवारी २००८ मध्ये जमशेदपूरला पुढे आले. देशभरच्या बिशपांच्या त्या महासभेचा विषयच होता चर्च आणि समाजातले स्त्रियांचे सक्षमीकरण. २०१० मध्ये भारतातल्या कॅथलिक चर्चचे लिंगभाव धोरण प्रसिद्ध झाले. कुटुंब, शिक्षण, आरोग्य यांपासून चर्चच्या निर्णयांमधल्या सहभागापर्यंत त्याची कलमे आहेत, आणि स्त्रीविरुद्धचा भेदभाव देवाच्या इच्छेविरुद्ध आहे असे त्यात बिशपांनी स्वतः मान्य केले आहे. ते लिहिण्यात गाजीवाला यांच्यासारख्या स्त्रियांचा हात होता. मागण्या करणाऱ्यांनीच मसुदा लिहिला, हे कुठल्याही चळवळीला क्वचित साधते.

पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. धर्मसंहितेचा नियम बिशपाला बांधतो. धोरण त्याला विनंती करते. एखाद्या धर्मप्रांताने ते वाचले, प्रशिक्षण घेतले, समित्यांत स्त्रिया आणल्या. शेजारच्या धर्मप्रांतात ते कपाटात राहिले. धर्मग्राम परिषदेचे मतही सल्ल्यापुरतेच असते आणि अंतिम शब्द धर्मगुरूचा. म्हणून नुसत्या संख्येवर समाधान मानू नये असे मला वाटते. परिषदेत बारा बायका असल्या आणि परिषदेलाच अधिकार नसला, तर खुर्च्या वाढल्या इतकेच.

सगळ्यांत नाजूक जागा धर्मभगिनींची. बाहेरून सगळ्या सिस्टर सारख्या दिसतात, पण त्यांच्या संस्थांचे कायद्याने दोन प्रकार आहेत. काही संस्था थेट रोमच्या अधिकाराखाली येतात. काही त्या त्या धर्मप्रांताच्या बिशपाच्या देखरेखीखाली. दुसऱ्या प्रकारात संस्थेच्या प्रमुखाच्या निवडणुकीपासून अनेक गोष्टींत बिशपाचा शब्द चालतो. मठात मिस्सा अर्पण करायला धर्मगुरू लागतो, पापनिवेदन ऐकायला धर्मगुरू लागतो, शाळेची इमारत बऱ्याचदा धर्मप्रांताच्या जमिनीवर. तक्रार करायची तर कोणाकडे? सप्टेंबर २०१८ मध्ये केरळमधल्या पाच धर्मभगिनी आपल्या एका सहभगिनीसाठी कोचीत उच्च न्यायालयाजवळ रस्त्यावर बसल्या तेव्हा देशाला हा प्रश्न पहिल्यांदा दिसला. एका बिशपावर बलात्काराचा आरोप होता. त्यांना अटक झाली. जानेवारी २०२२ मध्ये सत्र न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले आणि निकालाविरुद्ध अपील दाखल झाले. खटल्याचे काम न्यायालयाचे. पण त्या पाच जणी रस्त्यावर आल्या त्या चर्चच्या आतली दारे वाजवून झाल्यावर, हे मला विसरता येत नाही.

अशा वेळी आधाराला कोण असते? पुण्यात 'स्त्रीवाणी' नावाची संस्था १९८०च्या दशकापासून आहे. पवित्र आत्म्याच्या सेविका या संघाच्या सिस्टर ज्यूली जॉर्ज यांनी ती चालवली; त्या स्वतः वकील आहेत. कायद्याची माहिती, समुपदेशन, सिस्टरांसाठी आणि सामान्य बायकांसाठी शिबिरे हे तिचे काम. झगा घातलेल्या बाईने वकिलीची सनद घ्यावी, यात मोठा बदल आहे: आज्ञापालनाचे व्रत घेतलेल्या बाईला आपले हक्क माहीत असणे व्रताच्या आड येत नाही, हे ती आपल्या उदाहरणाने सांगते. बिशप परिषदेने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत मार्गदर्शक सूचना २०१७ मध्ये काढल्या. त्यामागेही अशा बायकांची वर्षानुवर्षांची पत्रे आणि बैठका आहेत.

घरातल्या कायद्याची लढाई याला समांतर चालली. १८६९च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे. बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा टाकून देणेही सिद्ध करावे लागे. नुसत्या मारहाणीवर तिची सुटका नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने १९९७ मध्ये ही विषमता घटनाबाह्य ठरवली आणि २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. म्हणजे एकशे बत्तीस वर्षे ख्रिस्ती बाईला दुहेरी पुरावा द्यावा लागत होता. चर्च घटस्फोट मानत नाही. त्याच्या स्वतःच्या न्यायपीठाकडे विवाह मुळात वैध होता का एवढेच तपासले जाते आणि तिथला निकाल दिवाणी कायद्यात चालत नाही. बाईला दोन दारे वेगवेगळी ठोठवावी लागतात.

रोममध्येही हालचाल झाली आहे, पण तिचा वेग पाहावा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत १९६४च्या सत्रापासून २३ स्त्रियांना श्रोत्या म्हणून घेतले गेले. मुख्य सभेत त्यांच्यापैकी एकीलाही बोलू दिले नाही. वेदीवर मदतनीस म्हणून मुलींना उभे करायची मुभा १९९४ मध्ये आली. मिस्सामध्ये वाचन करणे आणि वेदीसेवा यांचा कायमचा अधिकृत पदभार स्त्रियांना देता येईल, असा बदल पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२१ मध्ये केला. वाचन तर बायका कित्येक वर्षे करतच होत्या. त्या दिवशी फक्त कायदा त्यांच्यामागून येऊन पोचला. ऑक्टोबर २०२३ च्या सिनडमध्ये, म्हणजे रोममधल्या बिशपांच्या सभेत, ५४ स्त्रियांना मताचा अधिकार मिळाला, इतिहासात पहिल्यांदा. पुढच्या वर्षीच्या अंतिम दस्तऐवजात स्त्रियांच्या डिकनपदाचा प्रश्न खुला राहतो असे म्हणणारा परिच्छेद २५८ विरुद्ध ९७ मतांनी पार झाला. सर्वांत जास्त विरोधी मते याच परिच्छेदाला पडली. जानेवारी २०२५ मध्ये सिस्टर सिमोना ब्राम्बिल्ला या व्हॅटिकनच्या एका मुख्य विभागाच्या प्रमुख झाल्या, तोच विभाग ज्याच्या कक्षेत जगभरच्या धर्मभगिनी येतात. सोबत एका कार्डिनलना सहप्रमुख म्हणून नेमले गेले.

दीक्षेचा प्रश्न रोमच्या हातात आहे आणि तो इतक्यात सुटेल असे दिसत नाही. म्हणून तो लांबणीवर टाकून बाकीचे काम करत राहणाऱ्या बायका मला जास्त भेटतात. वार्षिक हिशेब धर्मग्रामाच्या सभेत वाचून दाखवा, वित्तसमितीवर बाईची नेमणूक करा, तक्रार समितीत बाहेरची सदस्य घ्या. यासाठी पोपची परवानगी लागत नाही. धर्मगुरूची लागते.

पवित्र गुरुवारी येशूने शिष्यांचे पाय धुतल्याची आठवण म्हणून धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतो. नियमपुस्तकात शब्द होता 'पुरुष'. जानेवारी २०१६ मध्ये तो बदलला. आता देवाच्या प्रजेतून कुणालाही निवडता येते, बायका, मुले, म्हातारे, आजारी. केरळातल्या सिरो-मलबार चर्चने आपली जुनीच रीत ठेवली. लॅटिन विधीच्या धर्मग्रामांत, म्हणजे वसईत, मुंबईत आणि म्हैसूरलाही, निवड त्या त्या धर्मगुरूवर सोडलेली आहे. दर वर्षी चाळीस दिवसांचा उपासकाळ संपत आला की कुणीतरी वही घेऊन बारा नावांची यादी करायला बसते. वेदीसमोर बारा खुर्च्या मांडल्या जातात. त्या पुसायला, पाण्याची परात आणि स्वच्छ टॉवेल आणून ठेवायला बायका दुपारीच आलेल्या असतात.